मागच्या चाकातलं तेल

जुन्या गाड्या बाळगणाऱ्या माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पोट त्यांच्यावरच चालतं म्हणून तोंडावर बोलत नाही. आता लिहायलाच बसले आहे, तर लिहिते. ही माणसं गाडीचा पत्रा आरशासारखा घासून घेतात. मूळ रंगाची छटा जुळली नाही म्हणून रंगाऱ्याला तीन-तीनदा परत पाठवतात. दाराच्या एका मुठीसाठी भंगार बाजारात सबंध रविवार घालवतात. आणि मागच्या चाकाचं बेअरिंग वाजतंय असं सांगितलं, की पहिला प्रश्न येतो, "अजून किती दिवस चालेल?" एका डॉक्टरांनी तर मला सांगितलं होतं, की गाणी जरा मोठ्यानं लावली की तो आवाज ऐकू येत नाही. डॉक्टर होते ते, हे पुन्हा एकदा सांगते.

सातपूरला आमची शेड आहे. पुढे गाड्यांची जागा, मधे गाडीखाली उतरायचा खड्डा, मागे एक लेथ आणि एक हायड्रॉलिक प्रेस. माझे मिस्टर गाड्यांचे मेकॅनिक होते आणि मी लेथवर लोखंड कापणारी टर्नर. आयटीआयला टर्नरच्या वर्गात मी एकटी मुलगी होते. वडील कारकून होते, पण त्यांचं म्हणणं होतं की टंकलेखन सगळ्याच मुली शिकतात, तू लोखंड कापायला शीक. लग्नाआधी बारा वर्षं कंपनीत शिफ्ट केली, मग आम्ही दोघांनी ही शेड घेतली. मिस्टर जाऊन आता नऊ वर्षं झाली. तेव्हापासून गाडीखालीही मीच जाते. सोबतीला इक्बालभाई आहेत. ते मिस्टरांच्या वेळेपासूनचे फिटर, माझ्याच वयाचे, आणि अजून मला भाभीच म्हणतात.

नवीन गिऱ्हाईक आलं की आधी शेडभर नजर फिरवतं आणि विचारतं, "मिस्त्री कुठायत?" मी म्हणते, "मीच." मग ते इक्बालभाईंकडे बघतं. इक्बालभाई काही न बोलता हातातल्या पान्यानं माझ्याकडे खूण करतात. पूर्वी मला याचा राग यायचा. आता नुसता कंटाळा येतो.

ज्यांनी गाडीच्या पोटात कधी डोकावलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. जुन्या गाडीत मागच्या दोन चाकांमध्ये एक लोखंडी कवच असतं. मधे कलिंगडासारखं फुगलेलं, दोन्ही बाजूंना नळीसारखं. फुगलेल्या भागात दातेरी चक्रं तेलात बुडून फिरतात. नळीतून दोन्हीकडे एकेक जाड दांडा बाहेर येतो, तो अ‍ॅक्सल. त्याच्या टोकाला चाक. हा दांडा नळीच्या तोंडाशी बेअरिंगवर फिरतो, आणि बेअरिंगच्या आतल्या बाजूला रबरी ओठ असलेली एक कडी बसवलेली असते. ती ऑइल सील. आतलं तेल आत ठेवायचं, एवढंच तिचं काम. ते तिला जमलं नाही, तर तेल आधी बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन नेतं आणि मग ब्रेकच्या ड्रममध्ये शिरतं. तेल लागलेला ब्रेक म्हणजे साबणाच्या हातांनी विहिरीचा दोर धरणं.

आणखी एक वस्तू असते, कॉलर. बेअरिंग दांड्यावरून सरकू नये म्हणून त्याला खेटून बसवलेलं लोखंडी कडं. त्याला ना आटे, ना खिळा, ना वेल्डिंग. कडं निळसर होईपर्यंत तापवायचं, तापून फुगलं की एका दमात दांड्यावर सोडायचं. गार होताना ते असं आवळतं, की पुढे काढायचं झालं तर छिन्नीनं फोडूनच काढावं लागतं. एकदा फोडलं की ते कडं गेलं. नवीनच घालायचं. सिन्नरच्या एका गृहस्थांनी दुसरीकडे जुनंच कडं ठोकठाक करून बसवून घेतलं होतं. महिन्याभरानं त्यांचं मागचं चाक दांड्यासकट वीतभर बाहेर आलं. गाडी हळू होती म्हणून निभावलं. ते माझ्याकडे आले तेव्हा म्हणाले, "एवढ्याशा कड्यासाठी?" मी म्हटलं, सबंध चाक एवढ्याशा कड्यावरच असतं हो.

असं सगळं ठाऊक असूनही दोन वर्षं एका गाडीनं मला नाचवलं, त्याची ही हकिकत आहे.

गाडी होती जुनी पद्मिनी, दुधी रंगाची. मालक कोठावदे साहेब, गंगापूर रोडला राहणारे, सरकारी नोकरीतून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. गाडी मूळची त्यांच्या सासऱ्यांची, वणीची. सासरे गेल्यावर ती लेकीकडे आली. लेक म्हणजे साहेबांच्या पत्नी सुनंदाबाई. त्या शाळेत गणित शिकवायच्या. पहिल्यांदा गाडी आली तेव्हा त्या आतच बसून होत्या, मांडीवर मासिक उघडं. मी मान हलवली, त्यांनीही हलवली. पुढची दोन वर्षं आमची ओळख एवढीच.

साहेब मात्र उतरले ते हातात फाइल घेऊन. फाइलमध्ये गाडीच्या जुन्या पुस्तकाच्या झेरॉक्स. डाव्या मागच्या चाकातून घूं असा आवाज येत होता. मी चाक उचलून हातानं फिरवलं, बेअरिंग गेलंच होतं. उजवंही त्याच वाटेवर होतं. दोन्ही बाजूंची बेअरिंगं, कॉलर आणि सील बदलायचं ठरलं. साहेब म्हणाले, सील ते स्वतः आणतील, कारण बाजारात नकली फार. मी म्हटलं आणा. दुसऱ्या दिवसापासून मोबाइलवर व्हिडिओ यायला लागले. परदेशातला कुणी माणूस पांढरे हातमोजे घालून अ‍ॅक्सल काढतोय. त्याच्या गॅरेजची फरशी आमच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ. साहेब लिहायचे, "कृपया याप्रमाणे." काम चालू असताना ते स्वतःही यायचे, माझ्या खांद्यामागे टॉर्च धरून उभे राहायचे आणि टॉर्च माझ्याच डोळ्यांवर मारायचे. कॉलर तापवताना त्यांनी तापमान विचारलं. मी म्हटलं, रंग बघा. ते म्हणाले, रंग हे माप नव्हे. मी कडं दांड्यावर सोडलं, ते टक्क करून जागेवर बसलं. साहेबांनी फाइलमध्ये काहीतरी टिपून घेतलं.

काम झालं. गाडी वाजायची थांबली. एवढ्यावर सगळं संपायला हवं होतं. पण साहेबांना गाडी जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात ठेवायची होती. तिथे म्हणे गाडीखाली आरसा ठेवतात, लोकांना पोट दिसावं म्हणून. त्यामुळे मागचं ते लोखंडी कवच काळं चकचकीत रंगवून हवं होतं. मी सांगितलं की याची काही गरज नाही, लोखंड शाबूत आहे. साहेबांनी आरशाचा मुद्दा पुन्हा मांडला. तिसऱ्यांदा मांडला तेव्हा मी इक्बालभाईंना म्हटलं, मारून टाका रंग आणि एकदाची जाऊ द्या ही गाडी. इक्बालभाई कामाला चोख माणूस. त्यांनी कवच घासलं, ब्रेकच्या नळ्यांना कागद गुंडाळला आणि दोन हात मारले. मी खालून बघितलं, छान दिसत होतं. गाडीला प्रदर्शनात कसलंसं प्रशस्तिपत्रही मिळालं. त्याचा फोटो साहेबांनी मला पाठवला.

वर्षभरानं गाडी परत आली. डाव्या चाकाच्या आतल्या बाजूनं तेलाचे ओघळ. साहेबांनी गाडीतून उतरायच्या आधीच निकाल दिला, की सील तिरकं बसलंय. मी ड्रम काढला. आत ब्रेकचे लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारे पट्टे, भिजून काळे झालेले. सील काढून बघितलं तर ते सरळच बसलेलं होतं. मग माझीही जीभ सुटली. म्हटलं, तुम्ही आणलेलं सीलच भिकार निघालं. साहेबांनी फाइल उघडून सीलची पावती दाखवली. पावतीनं तेल थांबत नाही, हे मी बोलले नाही, पण चेहऱ्यावर आलं असावं.

खरं म्हणजे मला मनातून दुसरीच बोच होती. सीलचा ओठ दांड्यावर जिथे टेकतो, तिथे वर्षानुवर्षांच्या घासण्यानं एक बारीक चर पडतो. पहिल्या वेळी तो चर मला बोटाला लागला होता. फार खोल नाही, चालून जाईल, असं म्हणून मी सोडून दिला होता. आता वाटलं, तेच नडलं. मी कोणाला काही सांगितलं नाही. लेथवर पातळ नळकांडं काढलं, पोस्टकार्डाएवढी जाडी, आणि ते त्या चरावर चढवून पुन्हा गुळगुळीत केलं. डाव्या दांड्यावर आणि उजव्यावरही. माझ्या हातच्या चांगल्या कामांपैकी ते एक काम आहे. सील या वेळी मी आणलं. साहेबांना म्हटलं, आता तेल येणार नाही.

आणि आलंही नाही. दोन महिने गेले, सहा गेले, नऊ गेले. साहेब गाडी घेऊन गंगापूर रोडवरून कॉलेज रोडला जायचे, बँकेत जायचे, रविवारी मित्रांना दाखवायला न्यायचे. जुन्या गाड्यावाल्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यात त्यांनी माझ्या नळकांड्याचं कौतुक लिहिलं, असं दुसऱ्या एका गिऱ्हाइकानं मला सांगितलं. चार नवीन गाड्या त्या कौतुकावर आल्या. मी खूश होते.

मग एका सकाळी साहेबांचा फोन आला. सप्तशृंग गडावरून नांदुरीकडे उतरताना ब्रेक लागलाच नाही, गाडी डोंगराच्या अंगाला घासून थांबली, जीव वाचला हे नशीब, असं ते म्हणाले. कोणाला काही लागलं का, हे मी विचारलं. नाही म्हणाले. बाकीचं जे बोलले ते लिहीत नाही. दुपारी दुसऱ्या वाहनावर लादून पद्मिनी आमच्या दारात आली. डावी बाजू पुढून मागेपर्यंत खरवडलेली, दुधी रंगाखालचा पत्रा उघडा.

मी ड्रम काढले. या वेळी तेल दोन्हीकडे होतं. डावीकडे तर लायनर हातात घेतला की ठिबकत होता. नळकांडी जागच्या जागी होती, सीलचे ओठ धड होते, बेअरिंग घट्ट होतं. मला काहीच कळेना. साहेब समोर उभे होते. ते म्हणाले, "तुमचे मिस्टर असते तर ही वेळ आली नसती."

मी हातातला लायनर ओट्यावर ठेवला आणि म्हटलं, "गाडी दुसरीकडे न्या, साहेब." मग मागे लेथवर जाऊन एक बुशिंग, पोकळ नळकांडं, कापायला घेतलं, जे कुणालाच नको होतं. इक्बालभाईंनी साहेबांना काय सांगून वाटेला लावलं, ते मला माहीत नाही.

त्याच संध्याकाळी ग्रुपवर मजकूर पडला. त्यात सातपूरच्या बाईंच्या कामावर विसंबून जीव धोक्यात घालू नका, असं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एकानं येऊन आपली अर्धी उघडलेली गाडी तशीच ओढून नेली. दुसऱ्यानं फोन करून सांगितलं की सध्या काम राहू द्या. मला राग आला होता, पण रागापेक्षा भीती जास्त होती. कारण तेल का आलं हे मला खरंच माहीत नव्हतं. आणि माझ्या हातून उतरलेल्या आणखी सहा-सात गाड्या त्या क्षणी कुठल्या ना कुठल्या उतारावर असणार होत्या.

अकराच्या सुमाराला शेडसमोर रिक्षा थांबली आणि सुनंदाबाई एकट्याच उतरल्या. मला वाटलं, भांडायला आल्या. मी त्यांना बसायला स्टूल दिलं आणि तुटकपणे म्हटलं की साहेबांशी बोलणं झालंय, गाडी कधी नेणार एवढं त्यांनाच कळवायला सांगा.

"गाडी मी चालवत होते," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं नीट सांगितलं, फळ्यावर गणित सोडवावं तसं पायरीपायरीनं. गाडी गावाबाहेर काढायची असली की चालवतात त्याच. वडिलांनी त्यांना याच गाडीवर वणीच्या रस्त्यावर शिकवलं होतं. साहेब शहरातल्या शहरात चालवतात. घाटात त्यांचे हातपाय गळतात, पण ते कुणाला सांगायचं नाही असं घरात ठरलेलं आहे. त्या दिवशी त्या भावाकडे वणीला जाऊन पुढे गडावर गेल्या होत्या. उतरताना पहिल्या दोन वळणांवर ब्रेक बरा होता. तिसऱ्यावर पाय नेहमीसारखा टेकला, कडकही लागला, पण गाडी थांबायच्या ऐवजी मागून उजवीकडे घसरायला लागली आणि पुढच्या चाकांतून जळका वास आला. त्यांनी दुसऱ्यावरून पहिला गिअर टाकला, खडखडाट झाला पण पडला. तरी थांबेना, तेव्हा त्यांनी विचार केला की उजवीकडे दरी आहे, डावीकडे डोंगर. डोंगर घ्यावा. पन्नास-साठ फूट गाडी दगडांना घासत गेली आणि थांबली. मागून येणाऱ्या जीपमधले भाविक उतरले, त्यांनी चाकांखाली धोंडे लावले. साहेब शेजारच्या सीटवर डोळे घट्ट मिटून बसले होते. त्यांना उतरवायला दोघं जण लागले.

मी विचारलं की पाणी देऊ का. त्या नको म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मला एक गोष्ट विचारायची होती. गावात ही गाडी कधीच गळत नाही. नऊ महिने थेंब नाही. वणीला जाऊन आलं की गळते. मागच्या वेळीही वणीहूनच आलो होतो. सील खराब असतं तर गावातही गळायला हवं ना?"

हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. साहेबांनी मला एवढंच सांगितलं होतं, की गळतंय. किती लांब गेल्यावर, कुठल्या रस्त्यावर, गाडी तापल्यावर की थंड असताना, हे ना त्यांनी सांगितलं ना मी काढून घेतलं. पन्नास-साठ किलोमीटर गाडी चालली की कवचातलं तेल तापतं, आतली हवा तापते. तापलेल्या हवेला बाहेर जायला वाट लागते. ती वाट म्हणून कवचाच्या वरच्या अंगाला, खालून दिसणार नाही अशा जागी, शर्टाच्या बटणापेक्षा थोडी मोठी एक लोखंडी टोपी असते. तिला बारीक भोक. ब्रीदर म्हणतात. ते भोक बुजलं, तर हवा तेलाला ढकलते आणि तेल ज्या फटीतून जाता येईल तिथून बाहेर पडतं. सील कितीही चांगलं असो.

मी तशीच खड्ड्यात उतरले. हात कवचावरून पलीकडे घातला आणि बोटांनी चाचपडलं. टोपी हाताला लागली, पण भोक लागेना. सगळं एकसंध गुळगुळीत. इक्बालभाईंनी पाना दिला. टोपी रंगानं चिकटून बसली होती, दोनदा पाना घसरला, तिसऱ्यांदा ती फिरली. वर येऊन मी ती पुसली आणि ओठांना लावून फुंकली. श्वास आत गेला नाही. काळा चकचकीत रंग, दोन हात, भोकाच्या आतपर्यंत.

इक्बालभाईंनी ती टोपी बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. रंग त्यांनी मारला होता. पण मारा असं मी म्हटलं होतं, आणि झाल्यावर गाडीखाली जाऊन छान झालंय असंही मीच म्हटलं होतं. टोपी वर असते हे त्यांच्याइतकंच मलाही ठाऊक होतं. सुनंदाबाई दाराजवळच्या स्टुलावर होत्या, तिथून काही ऐकू जाण्यासारखं नव्हतं. इक्बालभाई हळू आवाजात म्हणाले, "भाभी, तारेनं मोकळं करून टाकतो. नवी सीलं घालू, गाडी परत गळणार नाही. कोणाला काय कळणार आहे?"

ते खोटं बोलत नव्हते. कुणालाच कळलं नसतं. मी नवीन सीलांवर बोट ठेवलं असतं, साहेबांनी फाइलमध्ये टिपून घेतलं असतं, ग्रुपवर दोन आठवड्यांत सगळे विसरले असते. आणि खरं सांगितलं, तर साहेबांच्या हातात कोलीत जाणार होतं. भोकं मोकळी करायच्या तारा डब्यात पडलेल्या होत्या, माझ्या हातापासून फूटभर लांब. इक्बालभाई वाट बघत होते. मला सारखं गाडीचं ते डोंगराला घासत गेलेलं अंग दिसत होतं, आणि उजवीकडची दरी.

मी टोपी तळहातावर घेऊन सुनंदाबाईंकडे गेले. ती काय असते, कशासाठी असते, हे सांगितलं. मग म्हटलं, "हा रंग आमचा आहे. मी लावायला सांगितला. तुमचा जीव आमच्यामुळे जात होता."

त्यांनी टोपी घेतली, उजेडाकडे धरली, भोकाच्या जागी नख घालून बघितलं. मला वाटलं, आता उठतील आणि जातील, आणि तसं झालं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, "दोन वर्षं गाडी इथे येतेय. दर वेळी मी गाडीतच बसलेली असायचे. तुम्ही एकदा खिडकीशी येऊन विचारलं असतं, तर हे मी तेव्हाच सांगितलं असतं."

गाडी चालवत असतील साहेबच, बाई नुसत्या सोबत आल्यात, असं मी धरून चालले होते. सबंध आयुष्य लोक माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत मिस्त्री शोधत आले, आणि मी मात्र गाडीत बसलेल्या बाईकडे मान हलवून पुढे गेले होते. माफी मागितली. त्या म्हणाल्या की माफी राहू द्या, आधी ब्रेक करा.

आम्ही पाच दिवस घेतले. लायनर नवे, सीलं नवी, दोन्हीकडची बेअरिंगंही कॉलरसकट बदलली, कारण तेलानं त्यांतलं ग्रीस धुऊन गेलं होतं. टोपी मी उकळत्या पाण्यात आणि पेट्रोलमध्ये घालून तिच्यातला कण न् कण काढला, आणि परत बसवायच्या आधी इक्बालभाईंनी ती स्वतः फुंकून बघितली. तीनदा. त्याच आठवड्यात माझ्याकडून गेलेल्या बाकीच्या गाड्यांच्या मालकांना मी एकेक करून फोन केले आणि टोपी तपासायला बोलावलं. दोघे आले. एकानं विचारलं, याचं वेगळं काही द्यावं लागेल का.

साहेबांना सगळं मी स्वतः सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. मला वाटलं होतं, संतापतील. पण त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला आणि ते म्हणाले, "म्हणजे पहिलं सील मी आणलेलं होतं, ते बरोबर होतं." मी म्हटलं, हो साहेब, बरोबर होतं. "आणि ते तिरकंही बसलेलं नव्हतं तर," असं मी पुढे म्हणणार होते, पण गप्प राहिले. रंगाचा हट्ट कोणाचा होता, हाही विषय निघाला नाही.

सुनंदाबाईंचं म्हणणं पडलं की आता गाडी गडावर नेऊनच तपासायची, आणि मी शेजारी बसायचं. रविवारी सकाळी निघालो. साहेब मागच्या सीटवर. दिंडोरीपर्यंत ते मला व्हिडिओतल्या माणसाबद्दल सांगत होते. नांदुरी सोडून चढ लागला तसे बोलायचे थांबले. उतरताना मी मान वळवली नाही, पण माझ्या सीटची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती ते मला पाठीला जाणवत होतं. दर वळणाला ती पकड घट्ट व्हायची. सुनंदाबाई मात्र दुसऱ्या गिअरमध्ये, रस्त्यावर नजर ठेवून, भाजी निवडावी इतक्या शांतपणे गाडी उतरवत होत्या. ज्या जागी गाडी डोंगराला लागली होती तिथे दगडावर दुधी रंगाचा पट्टा होता. तिथे त्यांनी मुद्दाम ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली.

खाली नांदुरीला चहाच्या टपरीशी मी चाक काढलं, ड्रम उतरवला आणि आत बोट फिरवलं. थोडी धूळ निघाली, बाकी काही नाही. साहेबही वाकले, त्यांनीही बोट फिरवलं आणि ते रुमालाला पुसलं. रुमाल स्वच्छ राहिला. दुसरंही चाक काढून दाखवलं.

चहा घेताना सुनंदाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "आता ग्रुपवर लिहा. चूक यांनी आपणहून सांगितली, हे लिहा. आणि घाटात गाडी कोण चालवत होतं, तेही लिहा."

साहेबांनी चष्मा बदलला आणि मोबाइल काढला. चहा निवेपर्यंत ते लिहीत होते. मी त्या ग्रुपमध्ये नाही, त्यामुळे मला ते वाचायला मिळालं नाही. अर्धी उघडलेली गाडी नेणारे गृहस्थ काही परत आले नाहीत. फोनवाले परत आले.

आठवड्याभरानं एका अनोळखी माणसाचा फोन आला. ओझरहून बोलत होता, त्याच्याकडेही जुनी गाडी होती आणि मागून तेल गळत होतं. म्हणाला, "मॅडम, कोठावदे साहेबांनी जो टोपीचा बिघाड शोधून काढला ना, तो तुम्ही दुरुस्त करून देता का?"

मी कपाळाला हात लावला. इक्बालभाई विचारत होते काय झालं. त्यांना सांगण्यासारखं ते नव्हतं, निदान त्यांच्या हातात पाना असेपर्यंत तरी नव्हतं. मी फोनवर म्हटलं, हो, करून देते, गाडी घेऊन या. आणि तुमच्याकडे गाडी चालवतं कोण?

तो म्हणाला, मुलगी चालवते.

म्हटलं, मग तिलाच पाठवा.